चाळण झालेली पानं

खेड तालुक्यातल्या एका काकांनी शिवाजीनगरच्या आमच्या प्रयोगशाळेत डबा आणून ठेवला. "ताई, तुमचं औषध दोनदा फवारलं. अळ्या मरायचं सोडा, पोसल्यात."

आम्ही घाटेअळीला, म्हणजे शेंगा पोखरणाऱ्या अळीला, मारणारा विषाणू तयार करतो, एचएएनपीव्ही. काकांनी फवारणी नीट केली होती: ऊन उतरल्यावर, नीळ मिसळून, कारण उन्हात हा विषाणू टिकत नाही. डब्यात सोयाबीनची पानं आणि अंगावर काळे ठिपके असलेल्या अळ्या. ही घाटेअळी नव्हतीच. पानं खाणारी स्पोडोप्टेरा होती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. त्याच बॅचच्या बाटल्या कितीतरी शेतांत गेल्या होत्या. बॅचच बिघडली असेल तर?

म्हणून दोन्ही अळ्यांना तोच विषाणू दिला. घाटेअळ्या हरभऱ्याच्या पिठाच्या खाद्यावर, एका खणात एकच, कारण त्या एकमेकींना खातात. स्पोडोप्टेरा एरंडाच्या पानावर, घोळक्यानं. दोन्हीकडच्या लहानच निवडल्या. मोठ्या अळीला मात्रा फार लागते.

सहाव्या दिवशी काकांना बोलावलं. घाटेअळ्या फिक्या, लिबलिबीत, मागच्या पायांवर उलट्या लटकलेल्या. चिमटा लागताच कातडी फुटून पांढुरकं पाणी आलं. शेजारच्या डब्यात एरंडाच्या नुसत्या शिरा उरल्या होत्या आणि अळ्या टणटणीत. हे मला पुस्तकातून माहीत होतं, पण असं शेजारी शेजारी पाहताना अंगावर काटा आला.

"भावकी एकच ना यांची? मग एकीलाच कसा लागतो?"

काकांचा प्रश्न नेमका होता. दोघी एकाच कुळातल्या, नॉक्ट्युइडी. पोटातल्या अल्कधर्मी रसात विषाणूचं कवच दोघींतही विरघळतं. पुढे पेशीत शिरून वाढणं मात्र त्याला घाटेअळीत आणि तिच्या अगदी जवळच्या नात्यातच नीट साधतं. अमेरिकेतल्या हेलिकोव्हर्पा झियाला तो मारतो, ती घाटेअळीची जणू सख्खी बहीण. स्पोडोप्टेरा चुलत, तिच्यासाठी वेगळा विषाणू लागतो, एसएलएनपीव्ही. पण नातं हाच एक नियम नाही. ऑटोग्राफा कॅलिफोर्निका या पतंगात सापडलेला विषाणू वेगवेगळ्या कुळांतल्या तीसहून अधिक जातींना लागतो. एकाला इतकी दारं उघडी आणि दुसऱ्याला मोजकीच, हे मला आजही विलक्षण वाटतं.

काका ऐकत होते. मग म्हणाले, "पण ताई, मी फोनवर सांगितलं होतं की, पानांची चाळण झालीय."

सांगितलं होतं. स्पोडोप्टेरा पुंजक्यानं अंडी घालते, पिल्लं एकत्र पान खरवडतात आणि त्याची जाळी होते. घाटेअळी एकेक अंडं घालते, शेंगेत डोकं खुपसून खाते. चाळण म्हटल्यावर मला कळायला हवं होतं. मी 'अळी' एवढंच ऐकलं आणि बाटली पाठवली. काकांची माफी मागितली, एसएलएनपीव्ही दिलं आणि फोनच्या वहीत नवा रकाना आखला: पानाला जाळी की शेंगेला भोक?