बाबांच्या स्प्लेंडरला इंजेक्शन: आठवडा तिसरा

आधीचं ज्यांनी वाचलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. भोसरीत लेथवर काम करणाऱ्या एका पोराने छोट्या इंजिनांसाठी स्वतःचं ईसीयू, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने किती पेट्रोल सोडायचं ते ठरवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड, बनवलंय आणि ते दुसऱ्यांच्या गाड्यांवर लावून बघायला त्याला माणसं हवी होती. मी हात वर केला. गाडी बाबांची, २००४ ची स्प्लेंडर, ९७.२ सीसी. पंधरा वर्षांची नोंदणी संपल्यापासून पार्किंगच्या कोपऱ्यात कव्हरखाली उभी होती. ती रस्त्यावर न्यायचीच नाही, त्यामुळे प्रयोग फसला तरी कुणाच्या अंगाशी येत नाही. पोराची अट एकच होती. “दादा, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची. मस्त चालतंय वगैरे नको, आकडे पाठवा.”

हा सगळा आठवडा एकाच दोषामागे गेला. सकाळी पहिल्या किकला गाडी चालू. १४०० आरपीएमला घड्याळासारखी टिकटिक. मग अठरा-वीस मिनिटांनी उचक्या लागायच्या आणि बंद. किक मारून मारून पाय दुखायचा, पण ती काही उठायची नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्या किकला चालू! सलग तीन दिवस हेच.

पहिला संशय मॅप सेन्सरवर, म्हणजे इनटेकमधला दाब मोजणाऱ्यावर. त्याला कारणही होतं. चार सिलिंडरच्या गाडीत कुठला ना कुठला सिलिंडर हवा ओढतच असतो, त्यामुळे दाब बऱ्यापैकी स्थिर राहतो. आपल्या एकट्या सिलिंडरचं तसं नाही. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदाच तो हवा ओढतो, तेवढ्यापुरता दाब धाडकन खाली येतो आणि मग पुन्हा बाहेरच्या हवेइतका होतो. सरासरी काढली तर तो आकडा कशाच्याच कामाचा नाही. म्हणून दोन फेऱ्यांतला सगळ्यात कमी दाब धरायचा. यात एक फुकटचा फायदाही आहे: दाबाचा हा खड्डा ज्या फेरीत दिसतो ती इनटेकची फेरी, त्यामुळे वेगळा कॅम सेन्सर लागत नाही. तर मला वाटलं, सेन्सर तापून चुकतोय. त्याची रबरी नळी बदलली, त्याला इंजिनपासून लांब सीटखाली नेला. फरक शून्य.

मग सायलेन्सरच्या पाइपात बसवलेल्या वाइडबँडकडे, म्हणजे धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरकडे, नीट बघितलं. तो लॅम्डा दाखवतो: १ म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल अगदी बरोबर, १ च्या वर म्हणजे कमी. सुरुवातीला लॅम्डा ०.९ च्या आसपास, पुढे हळूहळू चढत १.२ च्या वर गेला की गाडी मेली. म्हणजे पेट्रोल कमी पडत होतं. (आकडे लॅम्डातच बघा. शुद्ध पेट्रोलचं हवा-पेट्रोलचं १४.७ हे गुणोत्तर डोक्यात पक्कं बसलेलं असतं, पण वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल असलं तर ते साधारण १३.५ वर येतं आणि नुसता गोंधळ होतो.) पण ईसीयूच्या लॉगमध्ये इंजेक्टर उघडा ठेवायचा वेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत २.१ मिलिसेकंदच होता. गेजवर प्रेशर ३ बार, काटा हलत नव्हता. वेळ तेवढाच, प्रेशर तेवढंच, मग पेट्रोल जातंय कुठे?

रविवारी इंजेक्टर काढून गच्चीवर नेला. जवळ वाळूची बादली, मोबाइल खाली घरात. २५ मिलीची मापनळी घेतली आणि दर वेळी इंजेक्टर २००० वेळा उघडला. १३.५ व्होल्टला, २ मिलिसेकंदांच्या पल्सने ३.७ मिली आणि ४ मिलिसेकंदांच्या पल्सने १०.४ मिली भरलं. वेळ दुप्पट, पेट्रोल जवळजवळ तिप्पट. म्हणजे प्रत्येक पल्समधला ०.९ मिलिसेकंद सुई उचलण्यातच जातो, तोवर पेट्रोल येत नाही. हा झाला डेड टाइम. मग सहज म्हणून ११.५ व्होल्टला तोच २ मिलिसेकंदांचा पल्स दिला. २.३ मिली! डेड टाइम १.३ वर गेला होता.

मोठ्या इंजिनात हा ०.४ चा फरक खपून जाईल. आपल्या आयडलिंगला एका वेळी लागतं साधारण २ मायक्रोलिटर पेट्रोल, एका थेंबाचा दहावा भागसुद्धा जेमतेम. २.१ मधले ०.९ गेले की कामाचे १.२ उरतात. त्यातून आणखी ०.४ काढून घ्या, तिसरा हिस्सा गेला.

लॉग पुन्हा उघडला. व्होल्टेजचा रकाना पहिल्या दिवसापासून तिथेच होता, मीच बघत नव्हतो. गाडी मरताना दर वेळी ११.६ च्या आसपास. दुसऱ्या दिवशी ती बरी व्हायची, कारण रोज रात्री मी शहाण्यासारखा बॅटरी चार्जरला लावत होतो. त्याआधी ट्यूनिंग करतानाही चार्जर जोडलेलाच असायचा.

पोराला फोन केला. ईसीयूत व्होल्टेजप्रमाणे डेड टाइम बदलायचा तक्ता आहे, पण त्यात सगळीकडे ०.९ च भरलेलं. “अरे हो दादा, ते भरायचं राहिलंच. माझ्या टेबलावर पॉवर सप्लाय असतो ना, व्होल्टेज पडतच नाही.” टेस्टर कशाला लागतात ते त्या दिवशी दोघांनाही कळलं.

तक्ता भरला तरी मूळ दुखणं राहतंच. पंप, इंजेक्टर, ईसीयू मिळून तीनेक अँपिअर खातात. बॅटरी २.५ अँपिअर-तासांची आणि मॅग्नेटो, म्हणजे इंजिनावर फिरून वीज बनवणारा, कार्ब्युरेटरच्या जमान्यातला. वाइंडिंगचं एक टोक बॉडीला टेकवलेलं, त्यामुळे बॅटरीला लाटेचा अर्धाच भाग मिळतो. नाना पेठेतल्या एका जुन्या मेकॅनिककडे वाइंडिंगची प्लेट घेऊन गेलो. त्यांनी ती उलटीपालटी करून बघितली. “हे अर्थिंग उचलायचं, वेगळी वायर बाहेर काढायची आणि फुल वेव्हचा रेग्युलेटर लावायचा. पण साहेब, चांगली कार्ब्युरेटरची गाडी, तिला सलाइन कशाला लावताय?” वीस मिनिटांत वायर सोल्डर करून, वर वार्निश लावून दिलं. आता आयडलला १२.८ आणि २५०० च्या पुढे १३.९ व्होल्ट मिळतात. हेडलाइट मात्र तूर्त सोडवून ठेवलाय. शुक्रवारी सलग एक तास दहा मिनिटं चालली, शेवटी मीच बंद केली.

उंचावरच्या विरळ हवेत ईसीयूचा हिशेब बरोबर येतो का, ते सिंहगडावर बघायचं होतं, तेही उरकलं. गाडी नेता येत नाही, म्हणून नुसता बोर्ड आणि सेन्सर सॅकमध्ये टाकून मित्राच्या गाडीवर वर गेलो. कोथरूडला घरी ९५ किलोपास्कल, गडावर ८७. हवा आठ टक्क्यांनी विरळ, पेट्रोलही तेवढंच उतरायला हवं, आणि ईसीयूने कामाचा वेळ बरोबर तेवढा कमी करून दाखवला. पिठलं-भाकरीचा खर्च पोराच्या नावावर टाकलाय.

पुढचं काम ट्रिगरचं, म्हणजे क्रँक कुठवर फिरलाय ते ईसीयूला सांगणाऱ्या खुणेचं. मॅग्नेटवर एकच उंचवटा आहे, म्हणजे एका फेरीला एकच खूण. कॉम्प्रेशनला क्रँक मंदावतो आणि मधला हिशेब अंदाजाने करावा लागतो. किक मारताना तर फारच. एक दात गाळलेलं १२ दात्यांचं चाक पोरगा लेथवर करून देतोय.

जागा मात्र बदलावी लागणार. कालच सोसायटीच्या फळ्यावर सूचना लागली: “वाहनतळात यंत्रांचे प्रयोग करू नयेत. पेट्रोलचा वास तिसऱ्या मजल्यापर्यंत येतो.” नाव लिहिलेलं नाही, पण दुसरं कोण असणार? मित्राची नऱ्ह्याला शेड आहे, बुधवारी टेम्पोने गाडी तिकडे हलवतोय.