जहाजातल्याचं पान

पितृपक्षात आजी केळीची दोन पानं वाढायची. एक सगळ्या पितरांचं मिळून आणि शेजारी एक लहान. ते लहान पान कुणाचं, असं विचारलं की म्हणायची, "जहाजातल्याचं." एवढंच. भात, वरण, वडे, सगळं त्या पानावरही पडायचं. आजी गेल्यावर आईने ते चालू ठेवलं. तिलाही याहून जास्त ठाऊक नव्हतं.

मी मॉरिशसमधली पाचव्या पिढीची मराठी बाई. वाक्वाला राहते, शाळेत मराठी शिकवते. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू इथे आल्या, तेव्हा इथल्या भारतीय वंशाच्या सातव्या पिढीलाही ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशातल्या भारतीय वंशाच्या लोकांना भारत सरकार देतं ते कार्ड, मिळेल असं जाहीर झालं. माझ्या लेकीला तेव्हा दिवस गेले होते. येणारं बाळ बरोब्बर सातव्या पिढीचं! कागद जमवायचे म्हणून मी मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गेले. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आणलेल्या मजुरांच्या, नोंदवह्या तिथे जपून ठेवल्या आहेत.

१८३४ पासून जवळपास पाच लाख माणसं भारतातून या बेटावर आली. वहीत प्रत्येकाच्या वाट्याला एक क्रमांक आणि एक ओळ. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, अंगावरची खूण, जिल्हा, गाव, बोट, कुठल्या उसाच्या मळ्यावर धाडलं ते. आमच्याकडे मूळ माणसाचं नावच पुढे घराण्याचं आडनाव झालं. कोकणातलं आडनाव कागदावर आलंच नाही. म्हणून मागे जायचं तर बापाच्या नावाचा तो रकाना हाच एक धागा.

खापरपणजोबा सापडले. साल १८५८, बोट मुंबईहून सुटलेली, वय ८. बाप: बाबाजी. मी त्या ओळीवर बोट ठेवून किती वेळ बसले, सांगता येत नाही.

एकत्र आलेल्या माणसांचे क्रमांक बहुधा लागोपाठ असतात. म्हणून आधीची ओळ वाचली. तिथे बाबाजी होताच. उंची पाच फूट एक इंच, चेहऱ्यावर देवीचे व्रण. वय २०.

वीस वर्षांचा बाप, आठ वर्षांचा मुलगा. वहीतली वयं अंदाजाने लिहिलेली असतात, चार-पाच वर्षं इकडेतिकडे होऊ शकतात, हे मी स्वतःला समजावलं. पण गावाचं काय? जिल्हा दोघांचाही रत्नागिरी, गावं मात्र वेगळी.

मग लग्न-मृत्यूच्या सरकारी नोंदींसाठी राजधानीत, पोर्ट लुईला, खेपा घातल्या. त्या काळी देवाब्राह्मणांसमोर लागलेलं लग्न सरकारदरबारी धरत नसत. मुलं बिनलग्नाची म्हणून नोंदली जात, त्यामुळे कितीतरी घरांचा शोध इथेच खुंटतो. आमचं नशीब की खापरपणजोबांनी १८७९ मध्ये लग्नाची सरकारी नोंद केली. तिथे त्यांनी स्वतः सांगितलेलं बापाचं नाव बाबाजी. आणि १९११ ची मृत्यूची नोंद, जी त्यांच्या थोरल्या मुलाने, म्हणजे माझ्या पणजोबांनी दिली, तिच्यात मृताचा बाप: गोविंद.

दोन आठवडे मला नीट झोप लागली नाही. आधी वाटलं, दुःखात मुलगा चुकला असेल. पण बाबाजीचं नाव तो लहानपणापासून आजा म्हणून ऐकत आला असणार. तेच नाव देणं सोपं होतं. त्याने दुसरं दिलं, याचा अर्थ ते त्याला कुणीतरी मुद्दाम सांगून ठेवलं होतं. बहुतेक बापानेच.

पुन्हा मोक्याला गेले आणि बाबाजीच्या ओळीतला शेऱ्याचा रकाना वाचला. मृत्यू १८८४. बायकोचा, दुसऱ्या मुलांचा उल्लेख कुठेच नाही. त्याला फोटोही नाही. गिरमिटियांचे फोटो काढायला लागले ते १८६० च्या दशकात.

माझं मत आता झालं आहे. जन्म देणारा गोविंद. तो कोकणात वारला की मुंबईच्या धक्क्यावर, कोण जाणे. बोटीत त्या पोराचा हात धरला तो बाबाजीने, आणि कारकुनाने विचारल्यावर "माझा मुलगा" म्हणाला तोही बाबाजीच. पोराने मोठा झाल्यावर आपल्या लग्नात त्याच शब्दाला होकार दिला. आजीचं लहान पान बाबाजीचं होतं.

मी घरी येऊन आईला हे सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे त्याला नाव होतं."

नातीच्या अर्जाला जोडलेल्या नोंदीत बाप म्हणून बाबाजीच आहे, आणि ते मला मनापासून पटतं. पण गोविंदचं घरही मला शोधायचं आहे. मुलाच्या गावाचं स्पेलिंग कोळंबे असावं किंवा कोळिसरे. बाबाजीच्या गावाची पहिली दोनच अक्षरं वाचता येतात, 'देव', पुढे शाई फुटली आहे. देवरूख? देवळे? त्या बाजूच्या कुणाच्या घरी, १८५८ च्या सुमाराला बोटीवर गेलेल्या आठ वर्षांच्या पोराची गोष्ट सांगत असतील, तर मला कळवा. मी मे महिन्यात रत्नागिरीला येते आहे.