मऊ टायर, पुरेशी हवा आणि समृद्धीचे सांधे

आरामदायी टूरिंग टायर घेतलेल्यांचं बोलणं दोन टप्प्यांत ऐकू येतं. पहिल्या आठवड्यात ऐकू येतं, "खड्डे कुठे गेले कळतच नाही." वीस-बावीस हजार किलोमीटरनंतर ऐकू येतं, "ऐंशीच्या पुढे मागून घरघर येते, बेअरिंग गेलंय वाटतं." हे दुसरं वाक्य बोलणाऱ्या बऱ्याच जणांचं बेअरिंग ठणठणीत असतं. आवाज टायरचाच असतो, आणि तो वेळीच टाळता आला असता.

आधी खात्री करून घ्या. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा आणि मागच्या टायरच्या नक्षीवर, आतल्या कडेपाशी, तळवा ठेवा. हात एकदा पुढे फिरवा, एकदा मागे. एका बाजूनं हात सुळकन सरकला आणि दुसऱ्या बाजूनं नक्षीतल्या प्रत्येक रबरी ठोकळ्याची कड बोटांना अडली, तर टायर करवतीसारखा घासलाय. रस्त्यावरही फरक कळतो. रस्त्याचा पृष्ठभाग बदलला की टायरचा आवाज बदलतो, ताज्या डांबरावर तो जवळजवळ मरतो. बेअरिंग रस्ता बघत नाही. ते लांब वळणावर एका बाजूला भार आला की जास्त गुरगुरतं आणि उलट्या वळणावर गप्प होतं. तरी शंका राहिली तर मागची चाकं पुढे घ्या. आवाज चाकांबरोबर पुढे आला, तर बेअरिंगवर पैसे घालवू नका.

हे मागच्याच चाकांना का होतं? आपल्या बहुतेक फॅमिली गाड्या पुढच्या चाकांवर ओढणाऱ्या आहेत. मागच्या चाकांवर भार कमी असतो आणि ती नुसती फरफटत येतात. रस्ता सोडताना प्रत्येक ठोकळा किंचित घसरतो आणि त्याची एक कड दुसरीपेक्षा जास्त झिजते. पुढच्या चाकांवर इंजिनाची ओढ या झिजेला बऱ्याच अंशी समतोल आणते, मागे तसं काही नसतं. टूरिंग टायरचं रबर मऊ आणि ठोकळे हलते, म्हणून त्यांना हा त्रास लवकर होतो. टो, म्हणजे वरून पाहता चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन, बिघडलेला असेल तर आणखी लवकर. उपाय सोपा आहे, पण त्यात आळस चालत नाही: दर ८,००० किलोमीटरला चाकांची अदलाबदल. पुढची सरळ मागे, मागची तिरकी पुढे. असममित नक्षीच्या, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या अर्ध्यात नक्षी वेगळी असलेल्या टायरलाही हे चालतं, फक्त 'बाहेरची बाजू' लिहिलेली कड बाहेरच राहायला हवी. फिरण्याच्या दिशेचा बाण असलेला टायर मात्र त्याच बाजूला पुढे-मागे करायचा. एकदा करवत तयार झाली की ती पुढे नेल्यावर हळूहळू थोडी सपाट होते, पूर्ण जात नाही.

म्हणूनच या टायरचं मूल्यमापन पहिल्या दिवशी करू नये असं माझं ठाम मत आहे. घासलेले, कडक झालेले टायर काढून कुठलेही नवे बसवले तरी गाडी मऊच वाटते.

मिशेलिन प्रायमसी ४ एसटी, ब्रिजस्टोन तुरांझा, कॉन्टिनेंटल कम्फर्टकॉन्टॅक्ट, योकोहामा ब्लूअर्थ-जीटी ही या वर्गातली नेहमी कानावर येणारी नावं. यांच्यात काय वेगळं असतं? साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची भिंत, दबते पण डुगडुगत नाही अशी केलेली असते. नक्षीचे ठोकळे मुद्दाम लहान-मोठे ठेवलेले असतात, म्हणजे सगळे एकाच सुरात रस्त्यावर आपटत नाहीत आणि शिट्टीसारखा आवाज होत नाही. काहींच्या आत फोमची पट्टी चिकटवलेली असते, ती टायरच्या पोकळीत घुमणारा आवाज खाते. फोमवाल्या टायरचं पंक्चर काढताना तेवढा फोम कापून काढावा लागतो आणि नंतर परत चिकटवावा लागतो. तुमच्या नेहमीच्या पंक्चरवाल्याला हे जमतं का, ते घेण्याआधीच विचारा.

पण ब्रँडच्या आधी साइज. १८५/६५ आर१५ मध्ये १८५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ६५ म्हणजे साइडवॉलची उंची रुंदीच्या किती टक्के ते, आणि १५ हा रिमचा इंचांतला व्यास. १८५/६५ आर१५ आणि १९५/५५ आर१६ या दोन्ही टायरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२१ मिलिमीटर. पहिल्याची साइडवॉल १२० मिलिमीटर, दुसऱ्याची १०७. म्हणजे सोळा इंची अलॉय चाकासाठी तुम्ही तेरा मिलिमीटर रबर आणि हवेची उशी सोडून देता. रस्त्यातल्या खाचखळग्यांवर जो फरक पडतो, तो या तेरा मिलिमीटरमध्ये आहे. कितीही महाग टायर ही उशी परत देऊ शकत नाही. एकाच मॉडेलच्या खालच्या व्हेरिएंटमध्ये कंपनीनं १५ इंची चाक दिलेलं असेल, ब्रेक तेच असतील आणि तुम्हाला आराम हवा असेल, तर त्या चाकांवर उतरणं हा सगळ्यात प्रामाणिक अपग्रेड आहे. दिसायला साधा दिसेल, एवढंच.

उलट, १८५/६५ च्या जागी १९५/६५ घालण्याचा सल्ला दुकानात सर्रास मिळतो. व्यास १३ मिलिमीटरनं, म्हणजे सुमारे दोन टक्क्यांनी वाढतो. काटा शंभर दाखवेल तेव्हा गाडी आधीपेक्षा दोननं जास्त पळत असेल, पिकअप थोडा जड होईल आणि पूर्ण वळणावर व पूर्ण भारात चाकाच्या कमानीतलं अस्तर घासत नाही ना, हे बघावं लागेल. मला हा सौदा पटत नाही. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलतो ते सांगणारा साइजशेजारचा आकडा, तर मुळीच कमी करू नका. ८८ म्हणजे एका टायरला ५६० किलो, ९१ म्हणजे ६१५ किलो. सात माणसं आणि टपावर सामान घेऊन गावी जाणाऱ्या गाडीत हा आकडा शोभेचा नसतो.

आता रस्ता. पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग, ७०१ किलोमीटरचा समृद्धी, कोकणातल्या महामार्गाचे मोठे पट्टे, सगळं काँक्रीट. काँक्रीटवर पाणी निसटावं म्हणून आडव्या बारीक रेघा ओढलेल्या असतात आणि ठरावीक अंतरावर सांधे असतात. रेघांमुळे एकसारखा गुंजारव येतो, सांध्यांवर टप-टप. टूरिंग टायर टप-टप चांगला मऊ करतो. गुंजारव थोडाच कमी होतो, कारण तो रस्त्याचा आवाज आहे. नगर रोडच्या डांबरावर गप्प असलेली गाडी समृद्धीवर बोलायला लागली, तर टायर खराब निघाला असं समजू नका.

समृद्धीवरची खरी काळजी वेगळी आहे. तिथे कारला १२० ची मर्यादा आहे, रस्ता सरळ आहे, आणि विदर्भातल्या मे महिन्यात काँक्रीट तव्यासारखं तापतं. पंपावर हमखास ऐकू येणारा सल्ला असा: "ऊन फार आहे, हवा चार-पाच कमी ठेवा." कृपा करून ऐकू नका. हवा कमी झाली की प्रत्येक फेऱ्याला साइडवॉल जास्त वाकते, वाकण्यातून उष्णता तयार होते, रबर आणि दोऱ्यांचे थर एकमेकांपासून सुटायला लागतात आणि टायर फुटतो. टायर फुटण्यामागे बऱ्याचदा कमी हवाच असते. मऊ साइडवॉलच्या टायरला तर हा नियम दुप्पट लागू.

ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरचा स्टिकर बघा. तिथला आकडा थंड टायरचा आहे, म्हणजे सकाळी निघताना किंवा गाडी किमान तीन तास उभी असताना. बाहेरचं तापमान दहा अंशांनी बदललं की हवेचा दाब साधारण दीड पीएसआयनं बदलतो. सकाळी ३३ भरलेला टायर महामार्गावर ३७ दाखवेल. ते अपेक्षितच आहे, ती हवा सोडायची नाही. स्टिकरवर पूर्ण भाराचा वेगळा आकडा असेल तर घर भरून निघताना तोच भरा. नायट्रोजन फुकट मिळाला तर घ्या, पण साध्या हवेतही ७८ टक्के तोच असतो. खिशातला डिजिटल गेज त्याहून जास्त उपयोगाचा.

फिटिंगच्या वेळी समोर उभं राहा. साइडवॉलवरच्या चौकोनातले शेवटचे चार आकडे वाचा. २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. चारही टायरवर वाचा, नुसत्या एकावर नाही. रबरी वॉल्व्ह नवे घालून घ्या. हबवरचा, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागावरचा, गंज तारेच्या ब्रशनं पुसल्याशिवाय चाक चढवू देऊ नका, नाहीतर बॅलन्सिंग अचूक असूनही ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरतं. नट शेवटी टॉर्क रेंचनं, म्हणजे ठरावीक जोरानंच आवळणाऱ्या पान्यानं, नुसत्या हवेच्या गननं नाही. दोनच टायर घ्यायचे असतील तर नवे मागे. पावसात पुढचं चाक घसरलं तर गाडी सरळ जायला बघते आणि वेग कमी केल्यावर बहुधा सावरते, मागचं घसरलं तर ती गरकन फिरते. नवे मागे बसवल्यावर अदलाबदलीचं चक्र तिथून नव्यानं सुरू करा.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर सांभाळून चालवा. टायर साच्यातून सुटावा म्हणून लावलेला निसरडा थर झिजेपर्यंत पकड पूर्ण येत नाही, ओल्या रस्त्यावर तर नाहीच.

राहिला खड्डा. खड्ड्याची कड टायरला रिमवर चिमटते, आतल्या दोऱ्या तुटतात आणि साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा येतो. त्याला पंक्चरसारखी दुरुस्ती नाही, तो टायर त्या दिवसापासून स्टेपनीलाही चालत नाही. फुगा आतल्या बाजूला आला तर उभ्यानं दिसत नाही. पावसाळ्यात दर महिन्याला स्टिअरिंग पूर्ण एका बाजूला वळवून पुढच्या चाकांची आतली बाजू टॉर्च लावून बघा. मागच्या चाकांसाठी खाली वाका, किंवा अदलाबदलीच्या वेळी चाकं उतरली की हात फिरवून बघा.