फेस बसेपर्यंत

परवा दुपारी बाणेरकडच्या एका क्राफ्ट ब्रुअरीत बसलो होतो, आडवार, अर्धी टेबलं रिकामी, काचेपलीकडे त्या स्टीलच्या उंच टाक्या चकाचक, आणि समोर जो ग्लास आला त्यात वर तीन बोटं नुसता फेस. आता व्हीट बीअरला फेस असणारच, नसला तर उलट ती शिळी म्हणून बोंब मारायची, एवढं कळतं मला. पण तीन बोटं? मी ग्लासाला बोटं लावून मोजली. मित्र म्हणाला, अरे काय करतोयस, लोक बघतायत. लोक कुठले, पलीकडे लॅपटॉप उघडून बसलेले दोघं, ते ऑफिसच्या कॉलवर होते.

फेस म्हटलं की मला आबा आठवतात आणि फलटणचा एसटी स्टँड. मे महिन्यात गाडीतून उतरलं की घरी जायच्या आधी रसवंती, हे ठरलेलं. नवनाथ नाहीतर कानिफनाथ, तिसरं नाव असलेली रसवंती मी फारशी पाहिलेली नाही. चरकाला बांधलेले घुंगरू, टेबलावर सांडलेल्या रसाचे चिकट गोल, त्यावर माश्या, आणि "दोन फुल, एक हाफ, एक बिगरबर्फ" ही आरोळी. ग्लास आला की आम्ही पोरं तुटून पडायचो, मिशा पांढऱ्या करून एकमेकांना दाखवायचो. आबा मात्र हात लावायचे नाहीत. टोपी काढून मांडीवर ठेवायची, मान पुसायची आणि ग्लासाकडे बघत बसायचं. फेस पूर्ण बसला, की ग्लास उचलून चालत चरकापाशी जायचं आणि म्हणायचं, "पाव्हणं, फेस झाला, आता रस घाला."

आणि तो घालायचा! कपाळावर आठी नाही काही नाही, पातेल्यातला रस ओतून वर अर्धं लिंबू पिळायचा, वर परत विचारायचा, आलं चालंल का म्हणून. ग्लास टेबलावर येईपर्यंत दोघांचं पावसावर आणि कारखान्याच्या भावावर बोलणं होऊन जायचं. मला इतकी लाज वाटायची ना, मी स्टँडवरच्या गाड्यांच्या पाट्या वाचत बसायचो.

तर ते धाडस माझ्यात आलं नाही. म्हणजे अजिबातच आलं नाही असं नाही, परमिट रूममध्ये असतं. तिथे ट्यूबलाइटच्या उजेडात मी काय वाट्टेल ते मागू शकतो, "काका, शेंगदाणे परत पाठवा, काकडीला मीठ नाही, हा ग्लास बदला." आणि काका पाठवतात. शेंगदाणे, उकडलेले चणे, कधी चकलीचे तुकडे, सगळं फुकट. कोणी "सर" म्हणत नाही, त्यामुळे मागायला काही वाटत नाही.

ब्रुअरीत मात्र तो पोरगा टेबलापाशी गुडघ्यावर बसतो हो. अक्षरशः. खाली बसून, डोळ्यात डोळे घालून सांगतो की सर यातला केळ्याचा आणि लवंगेचा वास आहे ना, तो यीस्टमुळे येतो, आत केळं नाहीये. मग लाकडी फळीवर चार छोटे ग्लास, चाखून बघा, आवडेल ते घ्या, याचे पैसे नाहीत. इतकं अगत्य तर मामाच्या घरी पण उरलेलं नाही आता. एवढं सगळं झाल्यावर त्याला कोणत्या तोंडाने सांगू, की बाबा रे फेस बसला, वर जरा अजून टाक? चांगल्या सर्व्हिसने तोंड बंद होतं आपलं, हे माझं स्पष्ट मत आहे. उर्मट वेटर परवडला, त्याच्याशी भांडता येतं.

जर्मन लोकांनी यावर साधा उपाय काढलाय, त्यांच्या ग्लासावर रेघ असते. अर्ध्या लिटरची रेघ, बीअर तिथपर्यंत, फेस त्याच्या वर, विषय संपला. तरीही म्युनिकमध्ये कमी माप ओतणाऱ्यांच्या विरोधात रीतसर संघटना आहे, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस निघालेली आणि 1970 मध्ये पुन्हा उभी केलेली. अशी संघटना जगात कुठेतरी आहे आणि ती सदाशिव पेठेत नाही याचं मला खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे ग्लासाचं काय सांगावं, बाटलीतला पाइंट 330 मिलीचा, इंग्लंडातला 568 चा, अमेरिकेतला 473 चा, आणि माझ्या समोरचा किती त्यालाच ठाऊक.

आता भाव. मी मेनू उजवीकडून वाचतो, आमच्या घरात सगळेच वाचतात, आधी आकडा मग पदार्थ. पण इथे मेनू क्यूआर कोडवर, त्यात आधी बीअरचं चरित्र, हॉप्स, म्हणजे बीअरला कडवटपणा देणारी फुलं, कुठली, कडवटपणा किती, आणि भाव शोधायला अंगठा दुखेपर्यंत खाली जायचं. 395 रुपये ग्लास. मसाला शेंगदाणे 225! मित्राने ऑर्डर केले, मी एकेक दाणा मोजून खाल्ला. पाण्याचं तर नेहमीचंच, "सर, रेग्युलर की बॉटल्ड?" यातलं रेग्युलर हे उत्तर मोठ्याने देण्यात माझी निम्मी जवानी गेली. बाटलीवर एमआरपी छापलेली असली तरी हॉटेलवाला त्याच्या वर घेऊ शकतो, सुप्रीम कोर्टानेच सांगितलंय 2017 मध्ये, तेव्हा तिथे वाद नाही.

बीअर महाग का याची कारणं मलाही पाठ आहेत. माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, आणि हॉप्स बरेचदा बाहेरून येतात, घाणे छोटे, माल ताजा, थंड ठेवायचा, टिकत नाही फार, आणि पुण्यातल्या असल्या जागेचं भाडं. त्यात दारूला जीएसटी नाही पण व्हॅट आहे, 2023 च्या नोव्हेंबरात टेबलावरच्या दारूचा व्हॅट 5 चा 10 टक्के झाला. 2009 मध्ये डूलाली नावाची क्राफ्ट ब्रुअरी पुण्यातच सुरू झाली तेव्हा असली बीअर म्हणजे अप्रूप होतं, आता गल्लोगल्ली टाक्या दिसतात, तरी भाव काही खाली येत नाहीत. अर्थशास्त्रवाले काय म्हणतील ते म्हणोत.

बिल आलं तर त्यात शेवटून दुसरी ओळ, सर्व्हिस चार्ज 10 टक्के. हा आपोआप लावता येत नाही, 2022 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने सांगितलं, मार्च 2025 मध्ये दिल्ली हायकोर्टानेही तेच धरलं. मला हे सगळं तोंडपाठ. मी घसा साफ केला. मित्राने टेबलाखालून पाय मारला, कारण त्याला माझ्या घशाची भाषा कळते. पण मी विचारलंच, शक्य तितक्या हळू, की हे काढता येईल का. पोरगा म्हणाला, "हो सर, लगेच," आणि खरंच दोन मिनिटांत नवीन बिल. एकही प्रश्न नाही. मी ज्या भांडणाची तयारी केली होती ते सगळं अंगावरच राहिलं.

मग तो परत आला, फोन हातात. "सर, एक रिक्वेस्ट होती. गुगलवर रिव्ह्यू टाकाल का? त्यात माझं नाव लिहा प्लीज." म्हटलं, नावाचं काय? तर म्हणे महिन्याला किती रिव्ह्यूत नाव आलं ते मोजतात, त्यावर इन्सेंटिव्ह ठरतो. कुठला रे तू? उदगीरचा. इथे चार जण मिळून खोली घेऊन राहतात. रात्री दीडला सुटतो, तेव्हा बस नसते, रिक्षा परवडत नाही, कोणाच्या तरी गाडीवर ट्रिपल सीट जातात. हे सगळं त्याने मी विचारलं म्हणून सांगितलं, हसत हसत, त्याला त्यात विशेष काही वाटत नव्हतं.

त्या सगळ्या ब्रुअऱ्यांच्या रिव्ह्यूंमध्ये अमुकने फार छान सर्व्हिस दिली, तमुकने खूप काळजी घेतली, असं एकाच सुरात का लिहिलेलं असतं, ते मला तेव्हा कळलं. मी डोक्यात आधीच एक रिव्ह्यू रचून ठेवला होता, तीन स्टारचा, फेस, शेंगदाणे, पाणी, सगळं त्यात होतं, चांगला जमला होता. तो खोडला. पाच स्टार दिले, नाव लिहिलं, स्पेलिंग त्यालाच विचारून. काढून घेतलेल्या दहा टक्क्यांपेक्षा थोडे जास्तच पैसे रोख त्याच्या हातात दिले, आणि मित्र पार्किंगपर्यंत मला वेडा म्हणत आला.

बीअर कशी होती ते रिव्ह्यूत लिहायचं राहिलं. बरी होती. म्हणजे जेवढी होती तेवढी.