कावळे वेळेवर येतात

सोमवार

सकाळी ११ वाजून १० मिनिटं. मीटिंग चालू, माझा माइकही चालू, आणि पोटातून असा काही लांबलचक आवाज निघाला की पलीकडून एकाने विचारलं, "कुणाकडे कपाट सरकवतायत का?" मी माइक बंद केला. उपाशी राहण्याचा हा पहिलाच दिवस.

कारण सांगून टाकते. महिन्यापूर्वीच्या तपासणीत उपाशीपोटीची साखर १०८ आली. १०० च्या आत असली तर ठीक, १२६ किंवा त्यापुढे गेली आणि पुन्हा तपासूनही तशीच आली तर मधुमेह. मधल्या पट्ट्यातल्यांना 'मधुमेहपूर्व' म्हणतात. म्हणजे अजून आत घेतलेलं नाही, पण नाव नोंदवून ठेवलंय. डॉक्टरबाईंनी विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?" मी म्हटलं, साडेआठ. खरं उत्तर दहा. आणि त्यानंतर अकराला उभ्याउभ्या जे तोंडात जातं, ते मी जेवणात धरतच नाही.

त्यांनी चालायला सांगितलं, रात्री लवकर जेवायला सांगितलं, चार-पाच किलो वजन उतरवा म्हणाल्या. उपाशी राहा असं काही म्हणाल्या नव्हत्या. तो शहाणपणा माझा. दुपारी १२ ते रात्री ८ एवढ्यात काय ते खायचं, बाकीचे सोळा तास पाणी आणि बिनसाखरेचा, बिनदुधाचा चहा. ऑफिसात निम्मे लोक हेच करतात आणि उरलेले निम्मे त्यांचं ऐकत बसतात.

गुरुवार

पोटात कावळे ओरडतात म्हणतो आपण. पण या कावळ्यांना घड्याळ कळतं, हे मला या चार दिवसांत समजलं.

वहीत वेळा टिपायला लागलेय. सोमवारी ११.१०. मंगळवारी ११.०५. बुधवारी कामाच्या गडबडीत लक्षच नव्हतं, पाहिलं तर पावणेबारा वाजलेले आणि भूक आलीच नव्हती. किंवा येऊन, दार वाजवून निघून गेली होती. म्हणून आज ठरवून खुर्चीत बसून राहिले. ११.०८ ला सुरुवात. आधी पोट आत ओढल्यासारखं, मग तोंडाला पाणी, मग शेजारी बसलेल्या निष्पाप माणसाबद्दल वाईट विचार. ११.२० ला कळस. ११.३५ ला सगळं शांत. मधे मी काहीही खाल्लं नव्हतं.

याच्यामागे ग्रेलिन नावाचं हॉर्मोन आहे. ते मुख्यतः जठरातून निघतं. जपानी संशोधकांनी १९९९ मध्ये शोधलं. आपल्या नेहमीच्या खाण्याच्या वेळेआधी ते चढतं, आणि गंमत म्हणजे खाल्लं नाही तरी थोड्या वेळाने आपलं आपण उतरतं. मग माझी वेळ ११ ची का? कारण गेली वीस वर्षं ११ वाजता मी चहाबरोबर चार बिस्किटं खाते. कावळ्यांना मीच वेळ लावून दिलेली.

आवाजाचा मामला वेगळा. रिकाम्या जठरातून आणि लहान आतड्यातून साधारण दीड-दोन तासांनी आकुंचनाची एक लाट खाली जाते आणि उरलंसुरलं झाडून पुढे ढकलते. आत हवा आणि पाणी, म्हणून गुडगुड. खाल्लं की ही झाडलोट थांबते. माझं तोंड सकाळपासून रात्रीपर्यंत चालू. दिवसाउजेडी माझ्या पोटात शेवटचा केर कधी निघाला होता देव जाणे. त्या आवाजाची लाज वाटायची ती मात्र आज गेली.

रविवार

काटा १.६ किलो खाली! बाथरूममध्ये एकटीच नाचले.

मग वाचायला बसले आणि नाच उतरला. यकृतात शंभरेक ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवून ठेवलेली साखर, असतं, स्नायूंत त्याच्या कितीतरी पट, आणि त्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर तीनेक ग्रॅम पाणी धरलेलं असतं. खाणं कमी झालं की आधी हा साठा खर्ची पडतो आणि पाणी निघून जातं. म्हणजे माझ्या १.६ पैकी चरबी किती असेल ते सांगायला नको. घरी कुणाला हे सांगितलेलं नाही. सगळे कौतुक करतायत, करू देत.

मंगळवार, रात्री उशिरा

आज खरं लिहायचं.

आठ वाजता दार बंद होणार म्हटल्यावर साडेसातपासून माझी जी धावपळ चालते ती बघण्यासारखी असते. जेवण झालेलं असतं. पोट भरलेलं असतं. तरी ७.५२ ला मी ओट्यापाशी उभी, एका हातात दाण्यांचा डबा, दुसऱ्या हातात केकचा तुकडा, डोळे घड्याळावर. उद्या दुपारी बारापर्यंत काही नाही, या भीतीने पुढच्या सोळा तासांची बेगमी. आज लेक पाणी प्यायला आली, माझ्याकडे बघितलं, घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, "आई, आठ मिनिटं आहेत, चावून खा."

आठच्या ठोक्याला मी विजयी मुद्रेने तोंड पुसलं. हा उपास कसला!

सोळा-आठवर झालेले दोन प्रयोग आज शोधून वाचले, आणि दोन्ही माझ्यावरच बेतल्यासारखे वाटले. एक २०२० साली प्रसिद्ध झालेला. ११६ जण, बारा आठवडे. निम्म्यांनी माझ्यासारखं दुपारी १२ ते रात्री ८ एवढंच खायचं, निम्म्यांनी दिवसातून तीन वेळा नेहमीसारखं जेवायचं. पहिल्यांचं वजन सरासरी ०.९४ किलोने उतरलं, दुसऱ्यांचं ०.६८ ने. दोन्हींतला फरक धरण्याइतका नव्हता. दुसरा २०२२ चा, चीनमधला, वर्षभर चाललेला, १३९ जणांचा. तिथे दोन्ही गटांना कॅलरी सारख्याच कमी करायला लावल्या आणि एका गटाला शिवाय सकाळी ८ ते दुपारी ४ ची मर्यादा घातली. वर्षाअखेर एक गट ८ किलोने हलका, दुसरा ६.३ ने, हाही फरक संशोधकांच्या हिशेबात बसला नाही. वेळ आखून घेतली की बरेच जण आपोआप कमी खातात, वजन उतरतं ते बहुतेक त्यामुळे. मी आखून घेतलेल्या वेळेत जास्त खात होते.

मामेभावाला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, "अगं पण ऑटोफॅजी! सोळा तास झाले की पेशी स्वतःचा कचरा खायला लागतात. नोबेल मिळालंय त्याला." मिळालंय, खरंच. २०१६ मध्ये, योशिनोरी ओसुमींना. पण त्यांनी मूळ काम केलं ते यीस्टच्या पेशींवर, आणि यीस्टला काही रात्री आठला केक खायचा मोह होत नाही. पेशींची ही साफसफाई थोडीफार कायमच चालू असते, उपासमारीत वाढते. सोळाव्या तासाला दिवा लागावा असं बटण तिथे नाही. तो ऐकेना. मीही फार ताणलं नाही. त्याचं वजन माझ्यापेक्षा कमी आहे.

शनिवार

हात अजून थरथरतोय, म्हणून अक्षर असं.

बाबांना पंधरा वर्षांपासून मधुमेह. मी उपाशी राहते हे ते रोज बघत होते. परवा म्हणाले, "तू करतेस तर मी का नको? मलाच तर जास्त गरज आहे." मी लॅपटॉपमधून मान वर न काढता म्हटलं, "डॉक्टरांना विचारा आधी, बाबा." विषय संपला असं मला वाटलं. त्यांना वाटलं परवानगी मिळाली.

आज सकाळी त्यांनी आठ वाजता गोळी घेतली, नेहमीसारखी. नाश्ता केला नाही. मला सांगितलंही नाही. साडेअकराच्या सुमाराला मी त्यांच्या खोलीत गेले तर ते शब्दकोडं घेऊन बसलेले. एकाच ओळीतल्या तीन चौकटींत 'म', 'म', 'म' लिहिलं होतं आणि पेन चौथ्या चौकटीवर टेकवून ते माझ्याकडे बघत होते. पाठीवर सदरा ओला. खोलीत पंखा चालू.

"बाबा, काय होतंय?"

"काही नाही. ते… हे… उभा शब्द."

यंत्रावर ५८ आली. ७० च्या खाली गेली की कमीच.

तीन चमचे साखर पाण्यात ढवळून ग्लास त्यांच्या ओठाला लावला. पंधरा ग्रॅम साखर द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, पुन्हा मोजायचं, कमीच असेल तर पुन्हा द्यायची. वर्षापूर्वी डॉक्टरबाईंनी पाठ करून घेतलं होतं, म्हणून हात चालला. माणूस शुद्धीवर नसेल तर मात्र तोंडात काही घालायचं नाही, तडक दवाखाना, हेही तेव्हाच सांगितलेलं. त्या पंधरा मिनिटांत मी त्यांच्या सदऱ्याची बटणं मोजत बसले. एक चुकीच्या काजात गेलं होतं. नंतर ७९. मग जेवायला वाढलं. चार घास गेल्यावर त्यांनी कोड्याकडे बघून विचारलं, "हे कुणी लिहिलं?"

बाबांची गोळी सल्फोनिलयुरिया गटातली. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात अन्न असो वा नसो. तिला आपण उपाशी आहोत हे कळत नाही. फोनवर डॉक्टरबाई म्हणाल्या की या गोळीचा असर लांबतो, साखर पुन्हा उतरू शकते, तेव्हा दिवसभर लक्ष ठेवा, दोन-तीनदा मोजा. इन्सुलिन घेणाऱ्यांनाही हाच धोका. मधुमेहाच्या आणखी एका गटातल्या गोळ्या, एसजीएलटी-२ रोखणाऱ्या, त्यांच्यावर असताना लांबचे उपास केले तर रक्तात आम्ल साठू शकतं, म्हणाल्या. "उपास करायचाच असेल तर गोळ्यांच्या मात्रा आधी बदलाव्या लागतात, नंतर नाही." मला ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आत्ता रात्रीचे दहा. ११२. झोपलेत.

बुधवार (मधे पंधरा दिवस वही उघडली नाही)

सोळा तासांचं सोडून दिलं. सकाळी साडेआठला बाबांबरोबर नाश्ता, दुपारचं जेवण, संध्याकाळी सातला रात्रीचं. साडेसातला ओटा पुसायचा आणि दात घासायचे. दात घासल्यावर केक बेचव लागतो, हा शोध माझा स्वतःचा.

म्हणजे रात्रीचे तेरा तास पोट रिकामं. सोळापेक्षा तीन कमी, पण हे तीन गेले ते सकाळचे. रात्रीचे हाती आले. आणि रात्रीचीच गोष्ट महत्त्वाची असावी असं आता वाटतं. मेंदूत वीसेक हजार पेशींचं एक मुख्य घड्याळ असतं, ते उजेडावर चालतं. पण यकृताला, स्वादुपिंडालाही आपापली घड्याळं असतात, आणि ती बऱ्याच अंशी आपण खातो कधी त्यावर लागतात. पेशींतल्या या घड्याळाची कळ फळमाशीत उलगडून दाखवणाऱ्या तिघांना २०१७ चं नोबेल मिळालं. एकच ताट सकाळी खाल्लं आणि तेच रात्री उशिरा खाल्लं, तर रात्री साखर जास्त वर जाते आणि उतरायला वेळ लावते. झोपेची वेळ होत आली की मेलाटोनिन हे रात्रीचं हॉर्मोन वाढायला लागतं आणि इन्सुलिनचा हात आखडतो. मी दहाला जेवून अकराला पुन्हा खात होते. यकृत एक वेळ दाखवत होतं, मेंदू दुसरी.

२०१८ चा एक छोटा प्रयोग आहे, जेमतेम आठ पुरुषांवरचा, सगळे माझ्यासारखे मधुमेहपूर्व. पाच आठवडे त्यांनी दिवसाचं सगळं खाणं सहा तासांत, दुपारी तीनच्या आत संपवलं. वजन उतरू दिलं नव्हतं, तरी इन्सुलिनचं काम सुधारलं, रक्तदाबही उतरला. आठ माणसांवरून जग ठरत नाही. आणि दुपारी तीनला शेवटचा घास घेऊन घरात सुखाने नांदणारं माणूस मला बघायचंय.

पहिले पाच-सहा दिवस रात्री अकराचे कावळे आले. बरोब्बर अकराला. मी अंथरुणात पडून ऐकत होते. सातव्या रात्री आलेच नाहीत, किंवा मी झोपलेली होते. छातीत जळजळायचं तेही थांबलं. भरल्या पोटी आडवं होणं सुटलं, बाकी काही केलं नाही.

रविवार, तीन महिन्यांनी

तपासणी. उपाशीपोटी १०१. वजन अडीच किलो कमी, हे पाण्याचं नसावं. जेवणानंतर वीस मिनिटं चालतेही, त्यामुळे श्रेय कुणाचं किती ते सांगता येणार नाही. डॉक्टरबाईंनी पुन्हा विचारलं, "रात्री किती वाजता जेवता?" "सात." त्यांनी चष्म्यावरून बघितलं. आधीचं साडेआठ त्यांनी तेव्हाही लिहून घेतलं नव्हतं म्हणे.

त्या शनिवारपासून बाबा स्वतःची वही ठेवतात. तारीख, वेळ, साखर, काय खाल्लं, आणि शेवटचा रकाना 'शेरा'. आज सहज उघडून बघितली. बहुतेक ठिकाणी 'ठीक'. गेल्या मंगळवारी घरी यायला मला उशीर झाला होता, नऊ वाजून गेले आणि मी न जेवता झोपले, तर तिथे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: 'रात्री ७ : ११८. वेळेवर जेवलो. मुलगी उपाशी, चिडलेली. मोजू दिली नाही.'