बडोदा आणि वडोदरा एकच, पण केंद्र एक नव्हतं

परवाचं आत्ताच लिहून ठेवते. बडोद्यातल्या एका जुन्या संस्थेच्या तापमान-पावसाच्या वह्या लिंक्ड ओपन डेटा म्हणून वेबवर टाकायचं काम माझ्याकडे आहे, म्हणजे प्रत्येक केंद्राला, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायमचा पत्ता द्यायचा आणि एकक कोणतं, दिवस कुठला, मोजलं कुठे हे तिला असं जोडायचं की मशीनलाही कळेल. ऑस्ट्रेलियाने आपल्या 112 केंद्रांच्या 1910 पासूनच्या रोजच्या तापमानाचं असं केलंय, तेच समोर ठेवून आम्ही सुरुवात केली.

आमच्याकडे फायली दोन. 'बडोदा' 1974 ला संपते, 'वडोदरा' तिथूनच पुढे सुरू होते. शहराचं नाव त्याच वर्षी बदललं हे इथे सगळ्यांना माहीत, घरी आपण अजून बडोदाच म्हणतो, त्यामुळे मी फार विचार न करता दोघांमध्ये 'सेम ॲज', म्हणजे 'हे दोन्ही एकच' असा दुवा, टाकून मोकळी झाले.

सकाळी ग्राफ काढला तर रात्रीचं किमान तापमान त्या सांध्यावर धपकन दीड अंश खाली, आणि पुढे वर्षानुवर्षं तिथेच. आधी संशय फॅरनहाइटवर आला, पण 62 चे 16.7 सेल्सिअस, अशा दहा-बारा नोंदी हाताने करून पाहिल्या, सगळ्या बरोबर.

मग वही घेऊन सरळ दांडिया बाजारात गेले, तिथे रीडिंग घेणारे काका राहतात, आता ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली आणि बोट नेमकं समासावर ठेवलं. पेन्सिलीने पुसट लिहिलेलं, 'पेटी हलवली', खाली तारीख. स्कॅनमध्ये मी तो डाग समजून सोडला होता.

"अगं, थर्मामीटरची पेटी आधी मागच्या चौकात होती, तिन्ही बाजूंना भिंती, रात्रभर दगड तापलेलाच. मग गावाबाहेर शेताकडे नेली. पारा उतरणारच की."

माझ्या पोटात गोळाच आला. 'सेम ॲज' मशीन शब्दशः घेतं, एकाबद्दल खरं ते दुसऱ्याबद्दलही खरं. उद्या कुणी लांबून हा डेटा उचलला असता तर त्याला बडोद्याच्या रात्री थंड झाल्या असंच दिसलं असतं, शहर तापतंय ते त्या दीड अंशाखाली दडलं असतं, आणि काकांनी इतकी वर्षं रोज सकाळी जाऊन लिहिलेलं खरं असूनही खोटं ठरलं असतं.

संध्याकाळी ती एक ओळ काढली. दोन केंद्रं, दोन पत्ते, मधे 'याच्या जागी हे आलं' असा दुवा, त्यावर तारीख आणि समासाचा स्कॅन. मूळ आकडे जसेच्या तसे ठेवलेत, दुरुस्त केलेली मालिका वेगळ्या पत्त्यावर जाईल.

रात्री नऊला काकांचा फोन. "अगं, एक राहिलं. पर्जन्यमापक तेव्हा नाही हलवला, तो पुढचा पावसाळाभर चौकातच होता."

म्हणजे पावसाची तारीख वेगळी. उद्या सकाळी परत वही घेऊन त्यांच्याकडे जाणार आहे.