झाडीपट्टीचा रोल बसवताना

सीझन तोंडावर आला की नागपुरातल्या आमच्या नाटकाच्या लाइनच्या लोकांचे कान वडस्याच्या फोनकडे लागलेले असतात. वडसा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं गाव, झाडीपट्टीतल्या, म्हणजे पूर्व विदर्भाच्या जंगलपट्ट्यातल्या नाटक कंपन्यांचं ठिकाण. दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावची जत्रा, मग शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, अन् पट तिथं रात्री नाटक. मलाही यंदा रोल मिळाला, घर फोडणारी मोठी वहिनी, म्हणजे पब्लिकच्या शिव्या खायचा रोल, आणि मला असेच आवडतात बाप्पा, सोशिक हिरॉइनला नुसतं रडायचं असते.

इथं राज्य नाट्य स्पर्धेचं नाटक बसवतो तेव्हा एका प्रयोगासाठी महिना-दीड महिना रोज संध्याकाळी तालीम, कप कोणत्या वाक्यावर खाली ठेवायचा अन् का ठेवायचा इथपर्यंत चर्चा. झाडीपट्टीत तेवढा टाइम कोणाजवळ आहे? वडस्याला जमायचं, दोन-चार बैठकांत एंट्री-एक्झिट, गाणं कोणत्या शब्दावर उचलायचं, मारामारीत कोण कुठं पडणार एवढं पक्कं करायचं, बाकी प्रॉम्प्टरच्या भरवशावर. स्पर्धावाले याला हसतात. 2023 मध्ये झाडीपट्टीचे नट परशुराम खुणेंना पद्मश्री मिळाली तेव्हापासून जरा हळू हसतात.

पण प्रॉम्प्टिंग घेणं पाठांतराहून अवघड आहे हे मी कोणाशीही भांडून सांगेन. समोरचा बोलून राहिला, त्याच्याकडे रागानं पाहायचं, त्याच वेळी एक कान प्रॉम्प्टरकडे, तो पुढच्या वाक्याचे पहिले शब्द टाकतो आणि ते असे उचलायचे की मागं बसलेल्या आजीला वाटलं पाहिजे, हिला हे आत्ताच सुचलं. नजर त्याच्याकडे गेली की संपलं. म्हणून घरी मी तीच तालीम करते. भाची स्क्रिप्ट घेऊन सोफ्याच्या मागं बसते, टीव्ही मुद्दाम चालू, ती हळू आवाजात वाक्य टाकते आणि मी हॉलमध्ये उभी राहून सासऱ्याला घराबाहेर काढते. खालच्या काकूंचा फोनच आला, "काय वं, सगळं बरं हाय ना घरी?"

पाठ करते ते मोजकंच. पहिली एंट्री, वाटणीचा सीन आणि शेवट. शेवट तर पाहिजेच, कारण रात्री उशिरा सुरू झालेलं नाटक तिथं येईपर्यंत पहाट होऊन राहिली असते, सगळे थंडीनं गारठलेले, अशा वेळी प्रॉम्प्टरचाही आवाज बसलेला असू शकते.

आवाजाचंच खरं टेन्शन. वाटणीच्या सीनमध्ये मनसोक्त ओरडून घेतलं तर पुढं काय उरणार, अन् दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात पुन्हा प्रयोग. म्हणून ठरवलं की ही बाई ओरडतच नाही, गोड हसत बोलते. गळ्यासाठी केलं पण रोललाच फायदा झाला, ओरडणाऱ्या वहिनीपेक्षा ही जास्त डेंजर वाटते.

बैठकीत सासऱ्याचं काम करणारे काका सीन पाहून म्हणाले, "हसतेस चांगली बाई, पण मागच्या पब्लिकले तुझं तोंड दिसत नाही, हसणं ऐकू आलं पाहिजे." बरोबर बोलले. आता आवाजातलं हसणं बसवून राहिली, तेही गळा न ताणता. उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी करत वडस्याला जाईपर्यंत गाडीत भरपूर वेळ मिळते, सोबतचे झोपू देतील तर बरं.